समुद्र डाव्या हाताला ठेवून

आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्या किनाऱ्यांवरील गावे एकाच दीर्घ मोटारप्रवासात पाहावयाची असा बेत जे योजतात, ते बहुधा नकाशा पुढे पसरून प्रथम रस्ते पाहतात, रस्त्यांवरील मुक्काम ठरवितात, आणि या दोन मुलखांच्या मधोमध पडलेला समुद्र ही एक अडचण असून ती कोणत्या तरी नौकेने एकदाची ओलांडली म्हणजे झाले, अशा समजुतीने तिची तजवीज सर्वांच्या शेवटी करतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. या प्रवासाचे हृदय ती सामुद्रधुनीच होय. अँट्रिम परगण्यातील टॉर हेड या भूशिरापासून स्कॉटलंडच्या मल ऑफ किन्टायर या टोकापर्यंतचे अंतर अवघे वीस किलोमीटरांच्या आसपास आहे. आकाश स्वच्छ असेल तर समोरच्या तीरावरील उतार नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आणि ज्या काळी डोंगर व दलदल यांमुळे खुष्कीचा मार्ग दुष्कर होता त्या काळी या दोन तीरांवरील लोकांना आपापल्या देशाच्या अंतर्भागापेक्षा एकमेकांकडे जाणेच सोपे वाटत असे. इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून पुढे दाल रिआदा नावाचे एक राज्यच या पाण्याच्या दोन्ही बाजूंना, इकडे अँट्रिममध्ये आणि तिकडे अर्गाइलमध्ये, पसरले होते. तेव्हा ज्याला हा प्रदेश खऱ्या अर्थाने पाहावयाचा आहे त्याने आधी नौकांचे दिवस आणि वेळा निश्चित कराव्यात, आणि मग रस्ते व मुक्काम त्यांच्या भोवती मांडावेत.

दुसरी गोष्ट दिशेची. दोन्ही देशांत वाहने आपल्याकडच्याप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून निघून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेस, उत्तर किनाऱ्याने पूर्वेस आणि अँट्रिमच्या किनाऱ्याने दक्षिणेस उतरत लार्न बंदर गाठले, आणि पलीकडे उतरून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याने पुन्हा उत्तरेस निघाले, तर समुद्र बहुतेक सर्व मार्गभर डाव्या हातालाच राहतो. याचा लाभ केवळ दृष्टिसुखाचा नाही. गाडी थांबविण्याच्या समुद्राकडील जागा आपल्याच बाजूला येतात, समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून पलीकडे वळावे लागत नाही, आणि कड्याच्या काठाने जाणाऱ्या अरुंद वाटांवर ही सोय किती मोलाची आहे हे ज्याने उलट दिशेने प्रवास केला आहे तोच जाणतो.

दस्तऐवजांचा विषय रुक्ष असला तरी तो टाळता येत नाही. आयर्लंडचे प्रजासत्ताक शेंगेन करारात सामील नाही, म्हणून युरोपचा तो व्हिसा येथे निरुपयोगी ठरतो. आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या अमलाखाली असल्यामुळे एकाच बेटावर फिरतानाही आपण दोन राज्यांच्या हद्दींत वावरत असतो. भारतीय नागरिकांना 2015 पासून ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा लाभ मिळू लागला. अल्प मुदतीच्या व्हिशावर त्या योजनेचा शेरा असेल तर एकाच परवान्यावर दोन्ही देशांत जाता येते, मात्र पहिला प्रवेश परवाना देणाऱ्या देशातच करावा लागतो. कॉर्कहून आरंभ करणाऱ्याने अर्थातच आयर्लंडच्या वकिलातीकडे अर्ज करावा, आणि त्या वेळी अमलात असलेले नियम वकिलातीकडूनच ताडून पाहावेत. आपला वाहन चालविण्याचा परवाना अल्पकाळच्या पाहुण्यास दोन्ही देशांत चालतो. भाड्याची गाडी मात्र सरहद्दीपलीकडे आणि नौकेवर नेण्यास मालकाची लेखी मंजुरी लागते व तिच्यासाठी निराळी रक्कम आकारली जाते. शिवाय एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात परत करणे बहुधा शक्य नसते, अथवा अतिशय महाग पडते. यास्तव परतीचा नौकाप्रवास आणि इनव्हर्नेसहून केर्नरायन बंदरापर्यंतचा आतल्या रस्त्याने जाणारा सुमारे चारशे किलोमीटरांचा दिवस हे दोन्ही प्रथमपासूनच हिशेबात धरावेत.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हा मार्ग 2014 मध्ये आखून देण्यात आला. दक्षिणेस किन्सेल आणि उत्तरेस इनिशोवेन द्वीपकल्प यांच्यामध्ये तो सुमारे अडीच हजार किलोमीटर पसरला आहे, आणि लाटेचे चिन्ह रंगविलेल्या पाट्या वाटसरूस वाट दाखवितात. हा सगळा मार्ग पुरा करण्याचा हट्ट धरला तर स्कॉटलंडसाठी दिवसच उरणार नाहीत. म्हणून त्याचे तुकडेच निवडावे लागतात. भारतीय प्रवाशाने निवडावा असा पहिला तुकडा म्हणजे कॉर्क परगण्यातील शीप्स हेड या द्वीपकल्पावरचे अहाकिस्टा हे चिमुकले गाव होय. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळले आणि 329 माणसे प्राणांस मुकली. त्यांच्या स्मरणार्थ पुढल्याच वर्षी या गावी पाण्याच्या काठाशी एक उद्यान उभारण्यात आले. त्यात एक छायायंत्र आहे आणि भिंतीवर मृतांची नावे कोरलेली आहेत. आपली नावे, आपली आडनावे, एखाद्या कुटुंबातील दोन-तीन-चार जणांची नावे एकाखाली एक अशी त्या परक्या किनाऱ्यावर वाचताना मन भरून येते. आणि ज्या गावकऱ्यांचा या माणसांशी कोणताही संबंध नव्हता त्यांनी ही जागा इतकी वर्षे किती आदराने राखली आहे हे पाहून या देशाविषयीचा आपला भाव कायमचा बदलतो. प्रवासातला अर्धा दिवस येथे अवश्य द्यावा.

पुढचा पश्चिम किनारा मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. डिंगलहून उत्तरेस जाताना शॅनन नदीचे विस्तीर्ण मुख आडवे येते. तेथे टार्बर्ट आणि किलिमर यांमध्ये गाड्या वाहून नेणारी नौका सुमारे वीस मिनिटांत पलीकडे उतरविते व शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा वाचविते. मोहेरचे कडे 214 मीटर उंचीचे आहेत आणि तेथे गर्दीही त्याच मानाने असते. गॉल्वेच्या पलीकडे क्लिफ्डेन हे गाव आहे, ज्याच्या जवळच्या दलदलीत 1919 मध्ये ॲलकॉक आणि ब्राउन हे अटलांटिक महासागर विमानाने अखंड पार करणारे पहिले वैमानिक उतरले. त्याच्याही पुढे डोनेगॉल लागते. आणि मला विचाराल तर गर्दीने भरलेल्या मोहेरपेक्षा डोनेगॉलचे स्लीव्ह लीग, जेथे डोंगर सुमारे सहाशे मीटरांवरून समुद्राकडे कोसळत गेला आहे, अधिक थोर वाटते.

आयर्लंड बेटाचे सर्वांत उत्तरेचे टोक मालिन हेड हे उत्तर आयर्लंडात नसून प्रजासत्ताकात आहे, ही गोष्ट नकाशावर पाहूनही चटकन मनात ठसत नाही. तेथून डेरी शहराकडे येताना आपण राज्याची सरहद्द ओलांडतो ती कोणत्याही चौकीवाचून. रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी असते ती पांढरी होते, वेगमर्यादेच्या पाट्यांवर किलोमीटरांऐवजी मैलांचे आकडे येतात, आणि पेट्रोलचे पैसे युरोऐवजी पौंडांत द्यावे लागतात; एवढ्याच खुणा. ज्या सरहद्दीवर एके काळी लष्करी पहारे आणि झडत्या होत्या, तिची ही शांत स्थिती 1998 च्या शांतता-करारानंतरच्या वर्षांची कमाई आहे. चौकी नाही म्हणून व्हिसाही नको, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. तो कायद्याचा भंग ठरतो.

डेरीपासून लार्नपर्यंतचा किनारा हा या संपूर्ण प्रवासाचा सर्वांत समृद्ध भाग आहे, आणि येथे घाई करणे म्हणजे सारा प्रवास वाया घालविणे होय. डनलूसचा कड्यावरचा भग्न किल्ला, ‘जायंट्स कॉजवे’ची सुमारे चाळीस हजार पाषाणस्तंभांची किनारपट्टी, कोळ्यांनी सामन मासे पकडण्यासाठी अठराव्या शतकात प्रथम बांधलेला कॅरिक-अ-रीडचा दोरांचा पूल, हे सर्व एकाच दिवसाच्या टप्प्यात येत असले तरी एका दिवसात पाहण्याजोगे नाही. 1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या त्या स्तंभांविषयी सह्याद्रीच्या माणसास विशेष आपुलकी वाटावी असे कारण आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, आणि तो निवत असताना आकसून, तळ्याचा चिखल वाळताना भेगाळतो त्याप्रमाणे, बहुतांशी षट्कोनी स्तंभांत दुभंगला. आपला दख्खनचा काळा पाषाण अशाच, किंचित अधिक जुन्या उद्रेकांतून निर्माण झालेला आहे. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून जो उभ्या स्तंभांचा कडा उभा आहे तो ज्याने पाहिला असेल त्याला अँट्रिमच्या या किनाऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. लोककथा सांगते की फिन मॅककूल नावाच्या आयरिश वीराने पलीकडच्या स्कॉटिश महाकायाशी झुंज घेण्यासाठी हा सेतू बांधला. कथेची ग्वाही भूशास्त्रानेही एका परीने दिली आहे, कारण त्याच काळातील लाव्ह्याचे तसेच स्तंभ स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर फिंगलच्या गुहेत उभे आहेत.

बॅलीकॅसलच्या पुढे मुख्य रस्ता सोडून टॉर हेडची अरुंद, चढउतारांची वाट धरावी. तेथे वारा असह्य असतो, पण त्या भूशिरावर उभे राहून पलीकडचा किन्टायर पाहिल्याखेरीज या प्रवासाचा नकाशा मनात नीट बसत नाही. त्या खालच्या दऱ्यांतील गावांना, कुशेनडन, कुशेनडॉल, कार्नलॉक, ग्लेनआर्म यांना, आयर्लंडच्या उर्वरित भागाशी जोडणारा धड रस्ता एकोणिसाव्या शतकापर्यंत नव्हता. 1832 ते 1842 या दशकात विल्यम बाल्ड या स्थापत्यविशारदाने सुरुंग लावून समुद्रालगतचे कडे फोडले, फुटलेला दगड किनाऱ्यावर पाडला आणि त्याच्याच पायावर, भरतीच्या रेषेच्या किंचित वर, हा रस्ता बसविला. बाल्ड हा स्वतः स्कॉटलंडचा. आज या रस्त्याने जाताना डाव्या अंगाला पाणी चाकांपासून हाकेच्या अंतरावर असते, आणि उजव्या अंगाला कड्यात तळाशी पांढराशुभ्र चुनखडक व त्याच्या माथ्यावर काळा बेसाल्ट असे दोन थर स्पष्ट दिसतात. गाडीचा वेग ताशी तीस मैलांवर आणून हे पाहावे, आणि मागे घाईचे वाहन आले तर बाजूला होऊन त्याला खुशाल पुढे जाऊ द्यावे.

लार्नहून केर्नरायनला नौका सुमारे दोन तासांत पोहोचते. निघण्याच्या पुष्कळ आधी बंदरात हजर राहून नेमून दिलेल्या रांगेत गाडी उभी करावी लागते; क्रमाने इशारा मिळताच गाड्या नौकेच्या उघड्या जबड्यातून आतल्या पोलादी मजल्यावर जातात, हातब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चोरघंटा बंद करून सर्वांनी वर जावयाचे असते, आणि प्रवास संपेपर्यंत खालचा मजला प्रवाशांस बंद राहतो. हे पाणी नेहमीच शांत असते असे मात्र नाही. 31 जानेवारी 1953 रोजी स्ट्रॅनरारहून लार्नकडे निघालेली ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ ही मोटारी वाहणारी नौका वादळात सापडली, लाटांनी तिच्या मागील बाजूचे दरवाजे फोडले, आणि सव्वाशेहून अधिक माणसे बुडाली. आजच्या नौका फार निराळ्या आणि भक्कम आहेत, व हवामान विपरीत असले तर फेरी सरळ रद्द केली जाते. म्हणूनच नौकेच्या दिवसाच्या मागे-पुढे एखादा दिवस मोकळा ठेवणे ही चैन नसून आवश्यकता आहे, आणि हॉटेलाच्या आरक्षणातही तारीख बदलण्याची सवलत मागून घ्यावी.

केर्नरायनहून उत्तरेस निघाले की गर्व्हनच्या समोर समुद्रातून एकदम वर आलेला एल्सा क्रेगचा गोल डोंगर दिसतो. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या कर्लिंगच्या खेळातील दगड त्याच्याच ग्रॅनाइटचे घडवितात. एअर शहराच्या लगतचे ॲलोवे हे कवी रॉबर्ट बर्न्स याचे जन्मगाव. येथपासून प्रवासी बहुधा ग्लासगोकडे वळतो, आणि माझा आग्रह असा की त्याने तसे करू नये. आयरशायरच्या किनाऱ्यावरून ॲरन बेटाला, बेट उभे ओलांडून लॉकरांझाला, आणि तेथून लहानशा नौकेने किन्टायरला असा मार्ग धरावा. ॲरनची मोठी नौका कोणत्या बंदरातून निघणार, ट्रून की आर्ड्रॉसन, हे अलीकडे बदलत असल्यामुळे तिकिटावर पाहूनच बंदर गाठावे. या मार्गाने गेलेला माणूस, टॉर हेडवरून ज्या द्वीपकल्पाचे टोक त्याने पाहिले होते त्याच द्वीपकल्पावर, शहरांचा स्पर्श न होता उतरतो.

किन्टायरच्या टार्बर्टहून ओबनला जाणारा सुमारे ऐंशी किलोमीटरांचा रस्ता किलमार्टिनच्या खोऱ्यातून जातो, जेथे प्रागैतिहासिक काळातील उभ्या शिळा आणि दफनस्थाने शेकड्यांनी विखुरलेली आहेत. या खोऱ्याच्या तोंडाशी सपाट दलदलीतून डनॅड नावाची एक खडकाळ टेकडी वर आली आहे. दाल रिआदाचे हे एक प्रमुख ठाणे. पायवाटेने वीसेक मिनिटांत माथा गाठता येतो. तेथे खडकात एक पाऊल कोरलेले आहे, आणि राज्याभिषेकाच्या वेळी नवा राजा त्यात आपले पाऊल ठेवीत असावा असे अभ्यासकांचे मत आहे. मूळ खडक झिजू नये म्हणून आता त्याच्यावर हुबेहूब प्रतिकृती बसविली आहे, तेव्हा संकोच न धरता आपणही पाऊल ठेवून पाहावे. तेथून नदीची वळणे आणि दूरवर समुद्राची चकाकी दिसते, आणि राज्य करणाऱ्याने हीच जागा का निवडली हे निराळे सांगावे लागत नाही.

ओबन हे बेटांकडे जाणाऱ्या नौकांचे मुख्य बंदर. क्रेगन्यूरला पाऊण तासात उतरून मल बेटाच्या एकेरी रस्त्याने सुमारे साठ किलोमीटर गेले की फिनफर्ट येते. पाहुण्यांच्या गाड्यांना आयोना बेटावर मज्जाव असल्यामुळे गाडी येथेच ठेवून दहा मिनिटांच्या नौकेने पलीकडे जावे लागते. इसवी सन 563 मध्ये आयर्लंडचा संत कोलंबा समुद्र ओलांडून येथे आला व त्याने मठ स्थापिला. डेरीच्या मठाची स्थापनाही परंपरेने त्याच्याकडेच जाते; म्हणजे आपला मोटारप्रवास नकळत त्याच्या जलमार्गाचाच माग काढीत येथवर आलेला असतो. दिवसाच्या सहली परतल्यानंतरचे आयोना अनुभवावयाचे असेल तर एक रात्र बेटावरच राहावे.

एकेरी रस्त्यांचा शिष्टाचार मात्र मल बेटावर येण्यापूर्वीच शिकून घ्यावा. या रस्त्यांवर ठरावीक अंतराने रुंद केलेल्या थांब्याच्या जागा असतात. समोरून गाडी दिसताच जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तीत शिरावे. ती उजव्या हाताला असेल तर तिच्या समोर रस्त्यातच थांबून समोरच्याला तीत शिरू द्यावे, स्वतः उजवीकडे वळू नये. मागून येणाऱ्या स्थानिक माणसालाही याच जागी थांबून वाट करून द्यावी. तो कामावर निघालेला असतो, कदाचित रुग्णाकडे चाललेला डॉक्टर असतो. वाट देणाऱ्यास हात उंचावून धन्यवाद द्यावेत. छायाचित्रासाठी या जागांत गाडी उभी करून ठेवणे हा तेथील लोकांचा रास्त रोष ओढवून घेण्याचा हमखास मार्ग आहे. मद्याविषयीही खबरदारी घ्यावी. स्कॉटलंडातील मर्यादा 2014 च्या डिसेंबरपासून इंग्लंडच्या मर्यादेहून कडक आहे, आणि गाडी चालवावयाची असेल त्या दिवशी थेंबही घेऊ नये हे उत्तम.

मॅलेगहून नौकेने स्कायला जाणे, 1995 मध्ये खुल्या झालेल्या पुलावरून मुख्य भूमीवर परतणे, आणि 1788 मध्ये हेरिंग मासळीच्या धंद्यासाठी मुद्दाम वसविलेले अलापूल गाठणे हा पुढचा क्रम. याच मुलखात 2015 पासून प्रसिद्धी पावलेला ‘नॉर्थ कोस्ट 500’ हा 516 मैलांचा फेरा आहे. तो शर्यतीसारखा धावून संपविणारे प्रवासी त्या रस्त्यांना आणि तेथील गावांना भारभूत झाले आहेत असे माझे स्पष्ट मत आहे; डर्नेसपर्यंत जावे, तेथे दोन रात्री राहावे आणि उत्तर किनाऱ्याने सावकाश इनव्हर्नेसला उतरावे. ज्या मराठी वाचकास इतिहासाची आवड आहे त्याने तेथून पूर्वेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरचे बॅन्फ हे किनाऱ्यावरचे गावही पाहावे. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेला, आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हा याच गावचा.

काळ निवडावयाचा तर मे आणि जूनचा पूर्वार्ध. दिवस तेव्हा इतके मोठे असतात की रात्री दहालाही दिवा लावावा लागत नाही, आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेस जुलै-ऑगस्टात संध्याकाळच्या निवांत हवेत थव्यांनी चावणाऱ्या ‘मिज’ नावाच्या बारीक माश्यांचा उपद्रव अजून पुरता सुरू झालेला नसतो. संपूर्ण मार्गास चार आठवडे हवेत. तितका अवकाश नसेल तर पश्चिम आयर्लंड आणि स्काय हे दोन्ही पुढच्या खेपेसाठी ठेवून डेरी ते आयोना एवढाच पट्टा दहा-बारा दिवसांत पाहावा. त्यात काही गमावले असे वाटणार नाही. आणि उन्हाळ्याचे वेळापत्रक जाहीर होताच, हॉटेलातील खोलीचा विचारही करण्यापूर्वी, लार्नच्या, ॲरनच्या आणि ओबनच्या नौकांवर गाडीची जागा राखून ठेवावी.